पिकअप मागून खडखडते: कमानीचे बुश, शॉकअप आणि यू-बोल्ट घरच्या खळ्यात बदलताना

रिकामी गाडी शेतरस्त्याला लागली की मागून खडखड सुरू, आणि केळीचे घड भरले की एकदम गप्प. जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याकडच्या आमच्या जुन्या पिकअपने वर्षभर हाच खेळ केला. मी शहाणपणा करून दोन नवे शॉकअप आणले, बसवले. आवाज होता तसाच. मामा ओसरीवर बसून सगळं बघत होते. ते एवढंच म्हणाले, "भो, आवाज कथाईन ई राह्यना, ते पहिले देख." म्हणजे, आवाज कुठून येतोय ते आधी बघ.

आवाज शॉकअपचा नव्हताच. डाव्या बाजूला कमान ज्या झुलत्या पट्ट्यांना टांगलेली असते त्या शॅकलचा बुश, म्हणजे बोल्टभोवती बसणारी रबरी नळी, झिजून संपला होता. गाडी भरली की वजनाने बोल्ट भोकाच्या एका अंगाला दाबून बसायचा, म्हणून शांतता. रिकामी गाडी उडाली की तोच बोल्ट मोकळ्या भोकात आपटायचा. दोन शॉकअपचे पैसे गेले आणि खरा दोषी होता मुठीत मावणारा एक बुश.

पाने हाताळता येतात, पण गाडीखाली झोपून कधी काम केलेलं नाही, अशांसाठी हे लिहितोय. आपण फक्त मागच्या बाजूचं बघणार आहोत: कमानीचे बुश, शॅकल, शॉकअप आणि यू-बोल्ट. पुढच्या बाजूला हात का लावायचा नाही, ते पुढे येईल.

कमान कशी चालते

मागच्या एक्सलच्या दोन्ही अंगांना पोलादी पाट्यांची थप्पी असते. तिला कोणी कमान म्हणतं, कोणी नुसतं पाटे. सगळ्यात लांब मेन पाट्याची दोन्ही टोकं गोल वळवलेली असतात, त्याला डोळा म्हणतात. पुढचा डोळा चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या, हँगरमध्ये (तिथल्या लोखंडी कानात) एका बोल्टवर पक्का असतो. मागचा डोळा शॅकलला, म्हणजे दोन झुलत्या पट्ट्यांना अडकवलेला असतो. वजन पडलं की कमान सपाट होते, सपाट झाली की तिची लांबी वाढते, आणि त्या वाढलेल्या लांबीला जागा लागते. शॅकल झुलून ती जागा देतो. दर खड्ड्याला तो झुलतो, म्हणून आधी झिजतात ते त्याचेच बुश.

थप्पीच्या मधोमध सेंटर बोल्ट असतो. त्याचं डोकं एक्सलवरच्या बैठकीच्या भोकात बसतं, त्यामुळे एक्सल पुढेमागे सरकत नाही. पण थप्पी एक्सलला आवळून धरायचं काम यू-बोल्टचं. ते ढिले पडले की सगळा मार बिचाऱ्या सेंटर बोल्टवर येतो आणि तो तुटतो.

वजन पेलते कमान. शॉकअप वजन पेलत नाही, तो कमानीचं उसळणं आवरतो. त्यामुळे गाडी मागून बसली असेल तर शॉकअप बदलून ती वर येणार नाही. हे कळायला मला दोन शॉकअपचे पैसे मोजावे लागले.

आपल्याकडे हे भाग लवकर का जातात, हे कोणाला सांगायला नको. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता वळ्या पडलेल्या गोधडीसारखा होतो. महामार्ग कितीही चांगला झाला तरी पिकअपचा दिवस केळीच्या बागेतून निघून पाटचाऱ्या ओलांडण्यात जातो. वर धूळ, आणि मे महिन्यात ४४-४५ अंशांचं ऊन. रबर या सगळ्यात कडक होतं, चिरतं. आणि कमान बिघडली की नुसता आवाज होत नाही, घडही एकमेकांवर घासतात. घासलेली केळी काळी पडते, आणि व्यापाऱ्याला भाव पाडायला तेवढं निमित्त पुरतं.

आधी आवाज शोधा

सुरुवात फाळक्यापासून करा. हसू नका. मागचा फाळका (हौद्याचं खाली पडणारं दार), त्याच्या साखळ्या, स्टेपनी, सीटमागचा जॅक, हौद्यातली टॉमी (उचकटायची जाड सळई) हे सगळं दोरीने घट्ट बांधा किंवा उतरवून ठेवा, आणि त्याच रस्त्याने एक चक्कर मारा. कित्येकदा आजार इथेच बरा होतो.

तरी आवाज आलाच, तर गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करा, पुढच्या चाकांना ठोकळे लावा. एकाला हौद्याच्या कडेला धरून गाडी डावी-उजवी हलवायला सांगा, तुम्ही टॉर्च घेऊन मागून बघा. शॅकल आणि हँगर यांच्या मध्ये बोटं घालायची नाहीत. ज्या जागी बोल्टभोवती लालसर भुकटी दिसेल तिथे लोखंडावर लोखंड घासतंय. बुशचं रबर एका बाजूने बाहेर फुगून आलं असेल, किंवा बोल्ट भोकाच्या मधोमध न दिसता एका कडेला गेलेला असेल, तर बुश संपला. मग टॉमी शॅकलखाली घालून हलकेच उचकटा. चांगला रबरी बुश थोडा दबतो आणि परत येतो. गेलेला बुश खट्ट आवाज करतो.

पाट्यांवरचा चिखल तारेच्या ब्रशने काढा, डिझेलच्या फडक्याने पुसा आणि यू-बोल्टच्या कडांजवळ नीट बघा. पाटा तिथेच तुटतो. बारीक तड असेल तर तिच्यात गंजाची रेघ दिसते. यू-बोल्टच्या बैठकीजवळ चकाकती घासलेली पट्टी दिसली तर समजा की नट ढिले आहेत आणि थप्पी सरकते आहे.

शॉकअपची परीक्षा. मोटारीचा कोपरा दाबून बघतात तसं पिकअपचं होत नाही, तिची मागची कमान इतकी कडक असते की माणसाच्या वजनाने हलतही नाही. त्यापेक्षा गतिरोधकावरून सावकाश गाडी न्या आणि दुसऱ्याला बाजूला उभं राहून बघायला सांगा. मागची बाजू एकदा उसळून बसली तर ठीक, दोन-तीनदा झुलत राहिली तर शॉकअप गेले. दुसरी खूण: पाच-सात किलोमीटर कच्च्या रस्त्यावर चालवून लगेच दोन्ही शॉकअपना हात लावा. काम करणारा शॉकअप गरम होतो, मेलेला थंडच राहतो. उन्हाळ्यात आपल्याकडे दगडही गरम असतो, त्यामुळे डावा-उजवा ताडून बघा, आणि शक्यतो सकाळी. शॉकअपवर तेलाचा पुसटसा ओलावा असेल तर घाबरू नका. तेल ओघळून त्यावर धुळीचा चिखल झाला असेल तर मात्र तो बदलायचा. टायरवर उंचवटे-खळगे पडणं हीही शॉकअप गेल्याची खूण.

शेवटी टेपने चाकाच्या मध्यापासून वर चाकावरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजून भिंतीवर खडूने लिहून ठेवा. काम झाल्यावर लागेल.

कुठे थांबायचं

पुढची बाजू. काही पिकअपना पुढेही कमानीच असतात, पण काहींना कॉइल स्प्रिंग किंवा टॉर्शन बार असतो. दाबून ठेवलेली कॉइल निसटली तर हात-तोंड काही बघत नाही. स्टीअरिंगचे बॉल जॉइंट, टाय रॉड हेही मिस्त्रीकडेच. तुमच्या गाडीला पुढे काय आहे याची खात्री नसेल तर नुसतं बघा, हात लावू नका.

तुटलेला पाटा. तो वेल्डिंगने जोडून देणारे भेटतात. जोडू देऊ नका. पाट्याचं पोलाद उष्णतेने ताव देऊन, विझवून तयार केलेलं असतं. वेल्डिंगच्या धगीने ती ताकद जाते आणि जोडाशेजारीच तो पुन्हा तुटतो, बहुतेक वेळा भरल्या गाडीत. पाट्यांची थप्पी सोडवणं हेही घरचं काम नाही. प्रत्येक पाट्याचा बाक वेगळा असतो, सेंटर बोल्ट काढला की दाबलेले पाटे झटका देऊन उघडतात. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, तिथे आणि महामार्गाने जळगाव-भुसावळकडे कमानवाल्यांची दुकानं सापडतात. थप्पी त्यांच्याकडे न्या.

आणि जास्तीचा पाटा टाकायचा मोह. "दोन पाटे वाढवून घे, मग काय बी भर," असं सांगणारा प्रत्येक गावात असतो. पाटा वाढला तरी एक्सल, ब्रेक, टायर आणि चेसिसचा हँगर तेवढाच राहतो. रिकामी गाडी मग दगडासारखी उडते, बुश अजून लवकर जातात, आणि भरल्या गाडीत हँगरजवळ चेसिसला तडा जायची भीती. आरसी बुकात जे वजन लिहिलंय तेवढंच वजन, हा माझा आणि मामांचा एकमेव एकमताचा मुद्दा.

सामान आणि जागा

सुटे भाग घेताना चेसिस नंबरचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा. एकाच नावाच्या पिकअपमध्ये वर्षावर्षाला बुशचा व्यास बदललेला असतो. जमलं तर जुना भाग काढून नमुना म्हणून न्या, पण मग गाडी दोन दिवस घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) उभी राहील याची तयारी ठेवा. शॉकअप दोन्ही एकदम. एक नवा आणि एक जुना लावला तर गाडी एका अंगाने उसळते. यू-बोल्ट आणि त्यांचे नट नेहमी नवेच; एकदा आवळून ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तेवढी पकड देत नाही. यू-बोल्ट घेताना चार गोष्टी ताडा: सळईची जाडी, आतली रुंदी, पायांची लांबी आणि वरचा बाक गोल आहे की चौकोनी.

हत्यारं: गोटी पान्यांचा सेट, रिंग पाने (१७, १९, २२ आणि २४ चे बहुधा लागतातच), लांब हँडल, टॉमी, दोन पौंडी हातोडा, तारेचा ब्रश, दोन जॅक आणि दोन दणकट घोड्या. घोडी म्हणजे उंची कमीजास्त करता येणारा लोखंडी स्टँड. टॉर्क पाना, म्हणजे नट किती जोराने आवळला ते दाखवणारा पाना, कोणाकडून तरी दिवसभरासाठी मागून आणा. कुठला नट किती आवळायचा याचा आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो, दुसऱ्या गाडीचा आकडा वापरू नका. डोळ्यांना चष्मा हवाच, कारण गाडीखाली झोपल्यावर सगळा गंज तोंडावरच पडतो.

जागा मात्र नीट बघा. खळ्याची काळी माती वरून कितीही टणक दिसली तरी जॅक तिच्यात रुतून तिरका होतो. सिमेंटचा ओटा असेल तर उत्तम, नसेल तर जॅक आणि घोडीखाली जाड फळ्या टाका. विटा, सिमेंटचे ब्लॉक किंवा दगड घोडी म्हणून कधीही वापरू नका. ते वाकून सूचना देत नाहीत, एकदम फुटतात.

वेळ पहाटेची. मे महिन्यात अकरानंतर पाना हातात धरवत नाही. आणि आदल्या संध्याकाळी सगळ्या बोल्टांना ब्रश मारून, गंज काढायचं तेल किंवा नुसतं डिझेल सोडून ठेवा. रात्री झोपायच्या आधी पुन्हा एकदा. सकाळचं निम्मं भांडण मिटतं.

गाडी उचलणं

गाडी रिकामी, सपाट जागी. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून असे चार लाकडी ठोकळे. हे का, ते समजून घ्या. आपल्या पिकअपचा हँडब्रेक बहुधा मागच्या चाकांवर असतो आणि गिअरसुद्धा मागचीच चाकं धरतो. मागची बाजू हवेत गेली की हँडब्रेकही गेला आणि गिअरही गेला. एकच मागचं चाक उचललं तरी डिफरन्शियलमुळे (दोन्ही मागच्या चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या एक्सलमधल्या गिअरमुळे) ते मोकळं फिरतं, म्हणून गिअरच्या भरवशावर राहू नका. त्या वेळी गाडीला धरून ठेवतात ते फक्त पुढचे ठोकळे.

चाकांचे नट जमिनीवर असतानाच थोडे ढिले करा. खूप जुन्या जीपच्या घराण्यातली गाडी असेल तर डाव्या बाजूचे चाकाचे नट उलट्या आट्याचे असू शकतात. जोर लावून सुटत नसेल तर लांब पाइप घालण्याआधी आट्याची दिशा बघा.

आता जॅक एक्सलच्या नळीखाली, कमानीच्या जवळ लावा आणि थोडं थोडं करून, एकदा डावीकडून एकदा उजवीकडून, गाडी उचला. पुरेशी उंची आली की घोड्या चेसिसच्या सरळ भागाखाली, कमानीच्या पुढच्या हँगरच्या थोडं पुढे लावा आणि जॅक सावकाश उतरवा. चेसिस घोड्यांवर बसली पाहिजे आणि एक्सल खाली लोंबकळला पाहिजे. लोंबकळला म्हणजे मोकळा सोडायचा नाही: दोन्ही जॅक एक्सलखाली हलकेच टेकवून ठेवा. नाहीतर शॉकअप काढल्यावर एक्सल आणखी खाली जातो आणि ब्रेकचा रबरी पाइप ताणला जातो. काही गाड्यांत एक्सलपासून ब्रेकच्या व्हॉल्व्हपर्यंत एक बारीक दांडी असते, भाराप्रमाणे मागचा ब्रेक कमीजास्त करणारी. ती वाकली तर ब्रेकचं गणित बिघडेल, म्हणून तिची जागा आधी बघून ठेवा.

गाडीखाली शिरण्याआधी हौद्याला धरून चांगला हेलकावा द्या. घोडी हलली तर आत्ताच हलू दे. काढलेली चाकं चेसिसखाली आडवी सरकवून ठेवा. समजा सगळं फसलंच, तर गाडी चाकावर बसेल, तुमच्यावर नाही. आणि एकट्याने हे काम करू नका. पाना देणारा नव्हे, हाक मारली तर ऐकणारा माणूस हवा.

शॉकअप आणि बुश काढणं

एका वेळी एकच बाजू. दुसरी बाजू तशीच ठेवली की वॉशर कुठे होता, नट आतून होता की बाहेरून, हे विसरलं तरी तिकडे बघता येतं. मोबाइलने फोटो काढाच, पण समोरचा नमुना फोटोपेक्षा बरा.

शॉकअपचा खालचा नट आधी, मग वरचा. गॅसचा शॉकअप मोकळा झाला की स्वतःहून लांब होतो, दचकू नका. अडकलेल्या शॉकअपला गॅस कटर किंवा ग्राइंडर लावायचा नाही. आत दाबाखाली तेल आणि वायू असतो.

आता शॅकल. एक्सलखालचा जॅक किंचित वरखाली करून अशी जागा शोधा की शॅकलवर ना ओढ आहे ना दाब. त्या जागी बोल्ट हाताने फिरायला लागतो. नट काढा, बाजूची पट्टी काढा, बोल्ट मागून ठोका. ठोकताना नट दोन आटे परत चढवून त्यावर ठोका, म्हणजे आटे चेपणार नाहीत.

बोल्ट निघाला तर देव पावला. आमच्या गाडीचा नाही निघाला. बुशच्या आतल्या लोखंडी नळीला बोल्ट गंजून एकजीव झाला होता. हातोडा, शिव्या, चहा, पुन्हा हातोडा. शेवटी दर तासाला डिझेल सोडत आणि पाना उजवी-डावीकडे थोडा थोडा फिरवत दुपारी तो हलला. काही मिस्त्री इथे गॅसने तापवतात. शेजारीच डिझेलची टाकी, ब्रेकची नळी आणि रबर असतं, तेव्हा घरी हा प्रकार करू नका. बोल्ट कापावाच लागला तर हाताची आरी घ्या, वेळ लागू द्या.

जुना बुश काढायचा कसा, हे तो कोणत्या जातीचा आहे यावर. नुसत्या रबराचे दोन अर्धे असतील तर टॉमीने उचकटून निघतात. बाहेरून लोखंडी कवच असेल तर तो दाबून बसवलेला असतो, त्याला प्रेस लागतो. घरचा प्रेस असा करता येतो: आटे पाडलेली लांब सळई, दोन नट, जाड वॉशर, गोटी पान्यांच्या सेटमधली बुशपेक्षा किंचित लहान एक गोटी आणि बुशपेक्षा मोठ्या तोंडाचा लोखंडी पाइपचा तुकडा. सळई बुशमधून आरपार घाला, एका बाजूला गोटी, दुसऱ्या बाजूला पाइप, आणि नट आवळत जा. गोटी बुशला ढकलते, बुश पाइपात शिरतो. नवा बुश बसवताना हीच रचना उलट करा. नवा बुश हातोड्याने ठोकून बसवला तर कवचाची कड दुमडते आणि तो आयुष्यभर तिरका बसतो. जमत नसेल तर डोळ्यासकट कमान काढून कमानवाल्याकडे न्या, त्यात कमीपणा नाही.

तिसरी जात पितळी बुशची, ज्याला ग्रीसचं निप्पल असतं. हा झिजला तर बदलायचा, पण बहुतेक वेळा तो ग्रीस न मिळाल्यामुळेच झिजलेला असतो. ग्रीस मारताना गाडी चेसिसवर उचललेली असावी. वजन कमानीवर असताना बोल्ट एका अंगाला दाबलेला असतो आणि नेमक्या त्या अंगाला ग्रीस पोचत नाही.

नवं बसवणं

डोळ्याच्या भोकातला गंज पॉलिश पेपरने साफ करा. रबरी बुशला साबणाचं पाणी लावा. ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावलं तर बुश सहज सरकतो खरा, पण साधं रबर तेलाने फुगून मऊ पडतं आणि काही महिन्यांत लोण्यासारखं होतं. बोल्टच्या गुळगुळीत दांड्याला मात्र थोडं ग्रीस चालतं, पुढच्या वेळी काढताना हातोडा-शिव्यांचा कार्यक्रम वाचतो. शॅकलच्या पट्ट्यांची भोकं लांबट झाली असतील तर नव्या बुशात जुन्या पट्ट्या घालू नका.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आता. रबरी बुशचे नट गाडी हवेत असताना फक्त हाताने टेकवायचे, पक्के आवळायचे नाहीत. एक्सल लोंबकळत असताना आवळलं तर बुशची आतली नळी त्याच जागी जखडते. मग गाडी खाली आली की शॅकल फिरतो आणि रबर पिळलं जातं, आणि पुढे रात्रंदिवस पिळलेलंच राहतं. मी पहिल्या खेपेला हेच केलं. सगळं हवेत मस्त आवळलं, घाम पुसला, फोटो काढला. दोन महिन्यांत बुश चिरले.

पुढच्या डोळ्याचा बुशही असाच, पण शॅकलची बाजू जोडून झाल्यावरच तो बोल्ट काढा. कमानीची दोन्ही टोकं एकदम मोकळी सोडली तर एक्सल पुढेमागे जातो आणि मग भोकं जुळवता जुळवता दिवस मावळतो.

शॉकअप बसवायच्या आधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा आणि पूर्ण ओढा. दुकानात आडवा पडून राहिलेल्या तेलाच्या शॉकअपमध्ये हवा चुकीच्या जागी गेलेली असते. सुरुवातीला तो मध्येच पोकळ लागेल, मग सारखा होईल. धुळीचं कव्हर असलेलं टोक वर. चकचकीत दांड्याला पक्कड लावू नका, एक ओरखडा पुरतो आणि तिथून सील फाटून तेल गळायला लागतं. याचेही नट सध्या हाताने.

यू-बोल्ट काढण्याआधी जॅकवर एक्सलचं वजन नीट घ्या, कारण ते सुटले की एक्सल आणि कमान यांचं नातं फक्त सेंटर बोल्टपुरतं उरतं. खालची प्लेट काढून बैठक साफ करा. परत बसवताना बोटाने चाचपून सेंटर बोल्टचं डोकं भोकात गेल्याची खात्री करा. ते कडेवर बसलेलं असताना आवळलं तर तेव्हा काही कळत नाही, पण गाडी नंतर एका अंगाने, खेकड्यासारखी चालते. चारही नट एक समोरचा, एक तिरका असे थोडे थोडे आवळा आणि प्रत्येक पायाचे आटे खाली सारखेच बाहेर आलेले दिसू द्या.

गाडी खाली

चाकं लावा, घोड्या काढा, गाडी जमिनीवर आणा. ठोकळे तसेच असू द्या. मग गाडी हौद्याला धरून चार-दोन वेळा हलवा, म्हणजे कमान आपल्या जागी बसेल. आता गाडीखाली जाऊन शॅकलचे, पुढच्या हँगरचे आणि शॉकअपचे नट टॉर्क पान्याने पक्के करा. यू-बोल्टचे नटही याच वेळी, वजन कमानीवर असताना, शेवटचे आवळा. चाकांचे नट चांदणीच्या क्रमाने, म्हणजे शेजारचा न घेता समोरचा.

भिंतीवरचे आकडे आठवतात ना? चाकाच्या मध्यापासून वरचं अंतर पुन्हा मोजा. मग पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंना दोरी लावून बघा, पुढची चाकं सरळ ठेवून. दोन्हीकडे दोरी सारखीच भरली पाहिजे. एका बाजूला बोटभर फरक आला तर सेंटर बोल्ट बैठकीत बसलेला नाही, पुन्हा खाली शिरा.

पहिली चक्कर रिकामी, गावाच्या आतच, आणि आधी ब्रेक दोन-तीनदा दाबून बघून. मग तोच शेतरस्ता, जिथे आवाज यायचा. ५०-१०० किलोमीटर झाले की चाकांचे नट बघा. यू-बोल्ट मात्र एक-दोन भरलेल्या फेऱ्यांनंतर, पहिल्या ५०० किलोमीटरच्या आत पुन्हा आवळायचे. नवे यू-बोल्ट आणि नट थोडे बसतात, पकड ढिली होते. हे विसरू नये म्हणून मी नटांवर पिवळ्या रंगाची एक रेघ मारतो, नट आणि प्लेट दोन्हीवरून जाणारी. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला.

आमची गाडी त्या दिवशी संध्याकाळी पाचला खाली आली. मामांना शेजारी बसवून पाटचारीपर्यंत नेली. मागून आवाज नाही. परतीच्या वाटेवर मात्र काहीतरी वाजायला लागलं आणि माझ्या पोटात गोळा आला. मामांनी मान मागे वळवली, बघितलं आणि म्हणाले, "फाळकानी साखळी शे."